दगडांवर चढणारी गाडी

शेळगावच्या माझ्या मैत्रिणीवर अन्याय झाला तो १९९७ च्या डिसेंबरात, इंदापूरच्या विज्ञान प्रदर्शनात, प्रमुख पाहुणे आले त्या घटकेला. करपलेल्या मोटरीचा वास आला की तो हॉल आठवतो आणि डोकं फिरतं. स्पर्धा होती दगडधोंड्यांवर चढणाऱ्या रिमोटच्या गाड्यांची. पहिला नंबर आला तर आयटीआयला घालतो, असं तिच्या वडलांनी कबूल केलं होतं. बाकीच्यांनी खेळण्यातल्या मोटरी लावलेल्या. त्या सपाटीवर सुसाट, पण चढावर हळू चालवायला गेलं की अडायच्या आणि करपायच्या. हिनं भंगारातल्या जीपच्या वायपरची मोटर निवडली. आतल्या दातेरी चाकांमुळं ती सावकाश फिरायची, पण अडायची नाही. सकाळी सरावात एकटी हिचीच गाडी दगडांचा ढीग चढली. मग पाहुण्यांच्या पायाला माती लागू नये म्हणून आयोजकांनी तो ढीगच उचलून टाकला आणि शर्यत लावली मोकळ्या फरशीवर. "ही चालतीय का झोपलीय गं?" परीक्षक हसले. "सर, दगड ठेवा की परत, मग बघा." "आता पाहुण्यांम्होरं दगडं मांडत बसू व्हय?" बक्षीस सुसाट गाडीला गेलं. घरी वडील म्हणाले, "नंबर न्हाय, तर आयटीआय बी न्हाय." आज ती गावातच आहे, आणि माझा राग अजून तसाच आहे. तुम्ही यंदा कुठं परीक्षक असाल, तर पाहुणे खोळंबू द्या; पण पोरीनं यंत्र ज्या कामासाठी केलंय, ते काम करून घेतल्याशिवाय नंबर लावू नका.