डब्यावरचे आडनाव

रविवार, १९ जानेवारी २०२५. दुपारचे बारा वाजून दहा मिनिटे. चंडीगढमधील एका सरकारी बागेत आमच्या मराठी मंडळाचे दर महिन्याचे जेवण मांडले होते, या वेळी संक्रांतीचे. प्रत्येक घराने स्टीलचा डबा आणायचा, या वेळी गूळपोळ्यांचा, आणि त्यावर आडनावाची चिठ्ठी चिकटवायची, हा मंडळाचा रिवाज. डबे सारखे दिसतात, अदलाबदल होऊ नये, हे सांगितले जाणारे कारण.

अध्यक्षांच्या सात वर्षांच्या नातीने आमच्या डब्यात हात घातला. आजीने तिचे मनगट धरले.

"ती नको, बेटा."

"क्यों, दादी?"

"चिठ्ठी वाच."

मुलीने अक्षरे जोडत आमचे आडनाव मोठ्याने वाचले. चार-पाच जण हसले; तिच्या वाचनाला हसल्याचे दाखवत. तिने हात स्वेटरला पुसला आणि पुढच्या डब्याकडे गेली. माझी पत्नी तिथेच उभी होती.

तीस वर्षे मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवले. सामाजीकरण म्हणजे काय, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगताना पुस्तकातली उदाहरणे देत असे. सहा वर्षे आमचा डबा भरलेला परत येत होता. पत्नी म्हणायची, "लोकांची पोटं आधीच भरलेली असतात." मी मान डोलवायचो. हे खोटे आम्ही दोघांनी मिळून सांभाळले, कारण या शहरात तिला मराठी बोलायला दुसरी जागा नव्हती. समूह माणसाला काठीने क्वचितच वाकवतो. बाहेर काढण्याच्या भीतीने वाकवतो. हेही मीच फळ्यावर लिहिले होते.

सगळे फोटोसाठी झाडाखाली जमले. मी दोन चिठ्ठ्या सोडवल्या. आमची अध्यक्षांच्या डब्यावर लावली, त्यांची आमच्या. ही फसवणूक होती. मला तिची लाज नाही.

एक वाजता पंगत बसली. आमच्या डब्यातल्या सगळ्या पोळ्या संपल्या.

"वहिनी, खसखस काय खमंग भाजलीय! हाताला चव आहे हं तुमच्या," एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आमच्या सासूबाईंची पद्धत," अध्यक्षांच्या पत्नी म्हणाल्या. त्यांनी स्वतः दोन खाल्ल्या होत्या.

मी उठलो. सर्वांच्या देखत दोन्ही चिठ्ठ्या काढून मूळ जागी लावल्या आणि भरलेला डबा अध्यक्षांच्या पत्नीपुढे सरकवला.

"तुमच्या सासूबाईंच्या पोळ्या या. एकही कमी झालेली नाही."

एक गृहस्थ नळावर जाऊन चूळ भरून आले. त्यांचा चेहरा मी नीट पाहून ठेवला.

अध्यक्ष म्हणाले, "सर, तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाला हे शोभत नाही."

"वर्गात नियम मोडण्याला विचलन म्हणतात," मी म्हणालो. "पण नियम कोणी केला, ते आधी विचारतात."

तीन वाजेपर्यंत मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून आम्हा दोघांना काढले होते. त्यालाही पुस्तकात शब्द आहे. पत्नीने फोन पाहिला आणि उपडा ठेवला.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

तिची जागा मी तिला न विचारता पणाला लावली होती. ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात कुठे जायचं?"

"तिथेच."

"बसू देतील?"

"बाग त्यांची नाही."

त्याच वेळी, त्यांच्याच टेबलाशेजारी आम्ही बसणार. मी माफी मागणार नाही. त्यांनी मागितली तर देणार नाही. त्या आजीने मान वर केली की आमचे आडनाव समोर दिसले पाहिजे. दर महिन्याला. मी जिवंत असेपर्यंत. आणि त्या मुलीने पुन्हा "क्यों" विचारले, तर उत्तर मी देईन.

पाच वाजता रिकामा डबा घेऊन सेक्टर बावीसमधल्या भांड्यांच्या दुकानात गेलो. नावे कोरणाऱ्या सरदारजींनी डबा फिरवून पाहिला.

"बाऊजी, छोटा लिखूँ? नीचे की तरफ?"

"बड़ा. सामने."

मी कागदावर आडनाव लिहून दिले. त्यांनी कोरले. मी एकेक अक्षर बोटाने तपासले आणि डबा पिशवीत घातला.