कोमटमावशींचा ‘ताण’

हृदयाची सोनोग्राफी करणाऱ्या या बाईंना दवाखान्यातली सगळी पोरं कोमटमावशी म्हणतात. कारण साधं आहे. छातीवर लावायचं ते चिकट जेल थंडगार असतं, पोरं अंग चोरतात. म्हणून बाई त्याची बाटली गरम पाण्याच्या भांड्यात उभी करून ठेवतात. लावण्याआधी स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघतात, मग पोराच्या, आणि विचारतात, “कोमट आहे ना?” एकदा मीही हात पुढं केला. म्हणाल्या, “आजोबा, तुमचा नंबर नाही, हात खाली!” शाळा सुटून जमाना झाला, पण हात असा झटकन खाली गेला म्हणता!

ओळख झाली ती आमच्या नातीमुळं. पोरगी जिना चढताना कठडा धरायला लागली, मग खाली बसली की उठायला हात मागायला लागली. आम्ही म्हणायचो, लाडावलीय. पापण्यांवर जांभळट झाक आली, बोटांच्या पेरांवर लाल चट्टे उठले, तेव्हा कुठं डॉक्टरीणबाईंनी ओळखलं, स्नायूंना सूज आहे. औषधांनी गाल फुगले, पण पोरगी पुन्हा जिना चढू लागली. आम्हाला वाटलं, सुटलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हृदय म्हणजेही स्नायूच. तिथं काही शिजत असेल, तर तिला त्रास व्हायच्या आधी आपल्याला कळायला हवं.”

म्हणून मी आणि नात त्या अंधाऱ्या खोलीत. पडद्यावर नातीचं हृदय उघडमीट करत होतं. मावशी एका हातानं छातीवर ते यंत्र फिरवत होत्या, दुसऱ्यानं बटणं दाबत होत्या.

“मावशी, काय दिसतंय?” नातीनं विचारलं.

“रक्त छान ढकलतंय गं. ताण मात्र जरा कमी आहे. बाहेर बसा, डॉक्टर नीट सांगतील.”

ताण कमी! मी तर फुललोच. घरात वर्षभर दुसरं काय चाललं होतं? पोरीला ताण नको म्हणून बातम्या बंद आणि आम्हा नवराबायकोची भांडणं कुजबुजत. कुजबुजत भांडायला फार दम लागतो, करून बघा. म्हटलं, चला, सार्थक झालं.

डॉक्टरीणबाईंच्या दाराशी ही गर्दी. मी तिथूनच मुलाला फोन लावला. “अरे, ताण कमी झालाय! मशीनवर दिसलाय! आता कशाला ताटकळायचं? निघतो आम्ही!” मी बोलत असलो की फोनची गरज नसते, असं आमची ही म्हणते. त्या दिवशी ते खरं ठरलं, आणि बरंच झालं. आम्ही लिफ्टमध्ये शिरलो, दार मिटत आलं, तेवढ्यात फटीत एक हात आला. जेलनं माखलेला.

“कुठं निघालात?” कोमटमावशींना धाप लागली होती.

“घरी. ताण कमी आहे ना?”

“अहो आजोबा, तो ताण नव्हे!”

“मग कुठला?”

“मनाचा नाही हो, हृदयाच्या स्नायूचा! दर ठोक्याला तो जेवढा आखडायला हवा, तेवढा आखडत नाहीये. हा ताण कमी असणं चांगलं नसतं!”

लिफ्टमधला एक गृहस्थ वैतागला. “आत या नाहीतर बाहेर जा, हृदय कुठंही तपासा!”

आम्ही बाहेर आलो. लहानपणी माझ्याकडं एक गलोल होती. माळ्यावर वर्षभर पडून राहिली. काढली तेव्हा रबर दिसायला जसंच्या तसं, ताणलं की मात्र लुळं. दगड माझ्याच पायावर पडला होता. नातीचा हात धरून बाकावर बसलो तेव्हा ती गलोल आठवली.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. हृदय अजून पुरेसं रक्त ढकलत होतं, म्हणून साध्या मोजणीत सगळं ठीक दिसत होतं. स्नायूचं दुखणं या बारीक मोजणीत आत्ताशी कुठं दिसायला लागलं होतं. औषध वाढवलं, हृदयाच्या डॉक्टरांनाही बोलावलं.

“आज तसेच गेलो असतो तर?”

“तर उशिरा कळलं असतं. किती उशिरा, ते नसतं सांगता आलं.”

निघताना मावशी दाराशी उभ्या होत्या. म्हणाल्या, “माझी आई डॉक्टरांपुढं नुसती मान डोलवायची. घरी येऊन म्हणायची, काय बोलले कोण जाणे. म्हणून मी ठरवलं, माणसाला कळेल अशा शब्दांत सांगायचं. आणि नेमका कळणाऱ्या शब्दानंच घोळ केला!”

पुढच्या खेपेला आजीही बरोबर होती. मावशींनी नवा शब्द आणला, ओढ. नात म्हणाली, “ओढ? ती मला आजीची आहे.” तोही बाद. मग त्यांनी ओला रुमाल तिच्या हातात दिला. “पीळ बघू. असंच हृदय स्वतःला पिळतं. तुझं जरा हलक्या हातानं पिळतंय.” हे आजीला एकदम पटलं. “पीळ होय! आमच्या ह्यांच्यात मोप आहे, काढून द्या तिला थोडा.”

उन्हाळा सरताना पुन्हा तपासणी आली. नात आडवी झाली, बाटली भांड्यातून निघाली, कोमट आहे ना विचारून झालं. मग मावशी पडद्याकडं वाकल्या. पुन्हा पुन्हा एकाच जागी यंत्र टेकवत होत्या. आमच्या हिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगड्या रुतत होत्या.

“मावशी?” नातीचा आवाज एवढासा झाला.

मावशींनी यंत्र खाली ठेवलं. रुमाल भांड्यातल्या पाण्यात बुडवला आणि दोन्ही हातांनी असा करकचून पिळला की सगळं पाणी माझ्या चपलांवर!

नात खदखदा हसली. हिनं डोळ्यांना पदर लावला.

“बाकीचं डॉक्टर सांगतील,” हात पुसत मावशी म्हणाल्या. “आणि आजोबा, तोवर लिफ्टकडं फिरकायचं नाही.”

भिजल्या चपलांनिशी बाकावर जाऊन बसलो. फोनसुद्धा खिशातच ठेवला.