फिनलंडचा किल्ला

टोकियोजवळच्या इचिकावातल्या आमच्या मराठी मंडळात दिवाळीला सगळे घरून ट्रेमध्ये किल्ले करून आणतात आणि सभागृहात निळ्या प्लॅस्टिकवर मांडतात. प्रत्येक किल्ल्याची माहिती एखादं मूल जपानी पाहुण्यांना सांगतं. माझी तिसरीतली लेक दरवर्षी माझाच किल्ला सांगायची. माझं जपानी ऐकून ऑफिसातसुद्धा लोक सहानुभूतीने माना हलवतात. तिचं मात्र पाण्यासारखं वाहतं. त्यामुळे बक्षीस कुणालाही मिळो, गर्दी आमच्याकडे.

यंदा मुंबईच्या बँकेतून बदलीवर आलेल्या, आमच्याच इमारतीतल्या एका गृहस्थांनी घोळ घातला. त्यांनी किल्ला केलाच नाही. कापसाच्या बर्फात १९३९च्या सोव्हिएत हल्ल्याच्या वेळचं फिनलंडचं जंगल उभं केलं. अरुंद रस्त्यावर सोव्हिएत रणगाड्यांची लांबलचक रांग, आणि झाडांआडून स्कीवर सरकणारे, पांढऱ्या कपड्यांतले मूठभर फिनिश सैनिक. लेक तिथे गुडघे टेकून बसली ती उठेचना.

"काका, एवढ्या मोठ्या सैन्याला अडवलं कसं?"

"रस्ता एकच होता ना. रांगेचे तुकडे पाडले. पुढच्यांना मागून मदतच पोचेना."

माझ्या पोटात दुखायला लागलं. कारण माझ्या गडावर काय दिसत होतं म्हणाल, तर मुळा. हिरवळीसाठी अळीव मिळाले नाहीत म्हणून मी मुळ्याचं बी पेरलं होतं, आणि ट्रे लाडाने हीटरशेजारी ठेवला होता. रोपं वीतभर वाढून खिडकीकडे झुकली. बुरूज, मावळे, महाराज, सगळे त्यात गडप.

मी खोचकपणे विचारलं, "पण शेवटी मुलूख गेलाच ना त्यांचा?"

"थोडा गेला," गृहस्थ म्हणाले. "देश राहिला."

"बाबा, तू मोठ्या सैन्याच्या बाजूने का बोलतोयस?" लेकीने विचारलं.

तिला रोज झोपताना मूठभर मावळ्यांच्या गोष्टी सांगणारा मी, परत येऊन मुळ्यात महाराज शोधू लागलो.

पाहुणे आले तेव्हा ती तिकडेच उभी राहून फिनलंडची माहिती सांगायला लागली. मी दोन जपानी आजींना माझा गड समजावत होतो, पण कान तिकडे. आजींचेही तिकडेच असावेत. माझ्या वाक्याच्या मध्येच त्या वाकून नमस्कार करून निघाल्या. मग मीही त्यांच्या मागे.

लेकीचं ऐकून एका आजींनी गृहस्थांना विचारलं, "मुलगी तुमची का?"

ते नुसतेच हसले. सरळ 'नाही' म्हणायला काय झालं होतं?

"माझी आहे ती," मी मागून ओरडलो. तेही मराठीत.

सगळं सभागृह वळून बघायला लागलं.

"बाबा, हळू बोल," लेक म्हणाली. "सैनिक लपलेत."