राहिलेलं जावळ

साखऱ्याच्या फाट्यावर जीप थांबली, तवा माझी ईश्वरी तापानं फणफणलेली, तिच्या पप्पांच्या खांद्यावर मान टाकून पडलेली. चार वर्सांचं लेकरू. रक्ताचा कॅन्सर हाय, आजच्या आज संभाजीनगरला न्या, असं हिंगोलीच्या डॉक्टरनं सांगितलेलं. अन् त्या घडीला आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, काय बोलल्या? "पोरीचं जावळ राहिलं, त्याचा कोप हाय हा. आईलाच न्हाई कळालं."

जाऊबाई, तुमी तिथंच उभ्या होत्या. जावळ काहून राहिलं ते तुमाला ठाव हाय. ईश्वरी वर्साची झाली तवाच मी म्हणले होते, काढून टाकू. तर आत्याबाई म्हणे, "थांब, पाठीवर भाऊ येऊ दे, दोघांचं बराबर काढू देवीपुढं." भाऊ काही आला न्हाई, अन् जावळ राहिलं. थांबवलं कोणी, अन् बोल कोणाला! वरून जीप निघता निघता खिडकीत वाकून म्हणल्या, "पोरगीच हाय. लई जीव काढू नको. दुसरं होईल." वा रे वा! लेकरू म्हणजे काय मडकं हाय, एक फुटलं की बाजारातून दुसरं आणलं?

इथं आल्यावर केमो सुरू झाली. औषध अंगात गेलं की लेकरू ओकायचं, तोंडात फोड यायचे, पाण्याचा घोट गिळंना. शेत दुसऱ्याला बटईनं देऊन हे वाळूजच्या कंपनीत लागले, मी वार्डातच राहिले. केस उशीवर गळू लागले तवा सिस्टर म्हणाल्या, पूर्णच काढा, लेकराला टोचतात. माझा दादा डोंगरकड्याहून नवा फ्रॉक घेऊन आला. हॉस्पिटलच्या आवारातल्या लिंबाखाली त्यानं भाचीला मांडीवर घेतलं अन् न्हाव्याला म्हणला, "सावकाश भाऊ, भाचीचं जावळ हाय." वार्डातल्या बाकीच्या आया गोळा झाल्या, एकीनं तर तिला ओवाळलं. कोणाचं गाव कोणतं, जात कोणती, कोणी इचारलं न्हाई.

मग तुमाला पोरगा झाला, बारशाचं बोलावणं आलं. डॉक्टरांना इचारून, लेकराला मास्क लावून, मी हौसेनं आले. दारातच आत्याबाईंनी स्कार्फ पुढं केला, "झाक ते डोकं, पावणे येऊन राहिले." पाळण्याला हात लावू दिला न्हाई. पाण्याचा गिलासबी वेगळा. अहो, कॅन्सर काय उष्ट्या गिलासानं लागतो? अन् तुमी, जाऊबाई, डीएड झालेल्या, तुमीबी गप! पाळण्याची गाणी चालू असतानाच मी पिशवी उचलली. बसमधी ईश्वरीनं इचारलं, "मम्मी, मी घाण हाय का?" तिला काय सांगायचं असतं, ते तुमीच सांगा मला.

आता औषध थांबलंय, तपासण्या चालू हायेत. वाळूजलाच खोली केलीय, ईश्वरी इथल्याच शाळेत जाते. डॉक्टर 'बरी झाली' म्हणत न्हाईत, 'बरं चाललंय' म्हणतात. आमी तेवढ्यावरच खूश हाव. केस नवे आलेत, अन् कुरळे! आपल्या घरात कोणाचेच असे न्हाईत. गावाची याद येते, खोटं कशाला बोलू. हुरड्याच्या दिवसांत तर जीव कासावीस होतो. पण तो वेगळा गिलास आठवला की अजून अंगाचा तिळपापड होतो.

परवा आत्याबाईंचा फोन आला. ईश्वरी आरशापुढं बसून कुरळ्या केसांत रिबीन बसवून राहिली होती, फोन स्पीकरवर होता. "जत्रा आलीय देवीची. आता नातूबी हाय, दोघांचं जावळ बराबर काढू. पोरीला घरी कवा आणता?"

बराबर! माझ्या तोंडात शिव्याच आल्या. पण मी काही बोलायच्या आत ईश्वरीच बोलली, शाळेत बोलतात तसं शहरी मराठीत.

"आजी, माझं जावळ मामानं काढलंय. आणि आम्ही घरीच आहोत."