पेशंटच्या विनंतीवरून

बिलावर स्टीलची पट्टी ठेवायची, डाव्या हाताने ती घट्ट दाबायची आणि उजव्या हाताने कागद एका झटक्यात ओढायचा. टर्रकन आवाज व्हायचा. मग काका बिल खिडकीतून पुढे सरकवत म्हणायचे, "फाडलं म्हणजे फाडलं. आता यात बदल नाही." समोरच्याने बदल मागितलेलाच नसायचा. तरी सांगायचे.

नव्वदच्या दशकात डोंबिवली पूर्वेला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन होते आणि ते बिलाच्या खिडकीवर. टिटवाळ्याहून यायचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. पांढरा हाफ शर्ट, बारीक देह, चष्मा नाकाच्या टोकावर. लॅबच्या डॉक्टरांची त्यांच्यावर फार भिस्त, कारण त्यांच्या बिलावर कुठल्याही कंपनीने कधी शंका काढली नव्हती.

पेशंटला ते नावाने हाक मारत नसत, तपासणीने मारत. "लघवी, पुढे या." "डायबेटिस, खुर्ची सोडा आता." एकदा भरलेल्या खोलीत त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, "वीर्य तपासणी कोणाची?" कोणीच उठेना. शेवटी कोपऱ्यातला एक तरुण मान खाली घालून आला, तेव्हा चष्म्यावरून बघत म्हणाले, "लाजताय काय? शास्त्र आहे हे!" पार्टिशनच्या मागे आम्ही तोंडावर रुमाल धरून हसत होतो. तुम्हीही हसला असतात. ते बोलायचेच तसे. ज्याच्यावर आम्ही हसायचो त्याचा चेहरा मात्र पार्टिशनमुळे दिसत नसे.

आमच्या दरपत्रकात प्रत्येक तपासणीला नंबर होता. बिलावर तो नंबर लिहायचा आणि पुढे थोडक्यात नाव. हिपॅटायटिस बी, म्हणजे ती वाईट कावीळ, तिच्या दोन तपासण्या एकाखाली एक होत्या. पहिलीत रक्तात रोगाचा विषाणू आहे का ते बघायचं. दुसरीत, लस घेतल्यावर अंगात प्रतिकारशक्ती आली का ते बघायचं. पहिली पॉझिटिव्ह आली तर काळजी, दुसरी पॉझिटिव्ह आली तर पेढे वाटावेत. काकांना हा फरक झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगता आला असता.

एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीने त्या सुमारास आपल्या कँटीनच्या माणसांना ही लस टोचवली आणि ती लागू पडली का ते बघायला सगळ्यांना आमच्याकडे पाठवलं. काकांनी खिडकीतून हुकूम सोडला, "कँटीन! एका रांगेत!"

रांगेतला सर्वांत वयस्क माणूस हळू आवाजात म्हणाला, "साहेब, नावानं बोलवा की. कंपनीनं नावं लिहून दिलीत."

खोलीत कोणीतरी फिसकन हसलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते हसू काकांवर होतं.

काकांनी यादी वर उचलली. "नाव सांगा." त्याने सांगितलं. आडनावावर काका क्षणभर थांबले. "अच्छा. काय करता कँटीनमध्ये?"

"आचारी आहे."

"सगळे जेवतात?"

तो त्यांच्याकडे बघत म्हणाला, "जेवतात, साहेब."

तो कल्याणचा, बौद्ध घरातला. त्याने पुढे मला सांगितलं की तो लागला तेव्हा काही जणांनी घरून डबे आणायला सुरुवात केली होती. त्याचं कारण कोणी बोलून दाखवलं नाही. पण त्याच्या हाताला चव होती. डाळीचा वास पार वर्कशॉपपर्यंत जायचा, आणि हळूहळू एकेक डबा बंद झाला. त्याचा त्याला फार अभिमान होता.

सगळ्यांचे रिपोर्ट चांगले आले. लस सर्वांना लागू पडली होती. कंपनीने सगळ्यांचं मिळून एकच बिल मागितलं होतं, प्रत्येक नावापुढे तपासणी आणि निकाल. काकांनी ते केलं. बाकीच्यांच्या नावापुढे दुसऱ्या तपासणीचा नंबर आणि "लस लागू" असा शेरा. आचाऱ्याच्या नावापुढे पहिल्या तपासणीचा नंबर, आणि शेरा, "हिपॅटायटिस बी, पॉझिटिव्ह."

चूक असेल. ओळी जवळजवळ होत्या, हात घसरू शकतो. मी आजही ती चूकच म्हणते. पुढचं मात्र चूक नव्हतं.

आठवड्याभरात तो लॅबमध्ये आला. त्याला स्वयंपाकघरातून बाहेर बसवलं होतं. रिपोर्ट आणि बिलाची झेरॉक्स त्याने माझ्यापुढे धरली. मी वाचलं आणि म्हटलं, "अहो, तुम्हाला काही झालेलं नाही. लस लागलीय. बिलात नंबर चुकलाय."

तो खिडकीशी गेला. "साहेब, बिलात चूक आहे. बदलून द्या."

"फाडलं म्हणजे फाडलं."

"माझी नोकरी जाईल, साहेब."

"रिपोर्ट बरोबर आहे ना? तो दाखवा."

"रिपोर्ट इंग्रजीत दोन पानांचा. तो कोण वाचतं? सगळे बिलच वाचतात."

"मग त्यांना वाचायला शिकवा," काका म्हणाले आणि त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत ओरडले, "थायरॉइड, या!"

मी सरळ डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले. डॉक्टर बाहेर आले, बिल बघितलं आणि काकांना म्हणाले, "आत्ताच्या आत्ता नवं करून द्या." काका हसून म्हणाले, "देतो की. त्यात काय!" नवं बिल करताना त्यांनी घाई केली नाही. नंबर बरोबर घातला, शेरा बरोबर घातला, खाली इंग्रजीत एक ओळ लिहिली आणि सही केली. आचाऱ्याने ते दोन्ही हातांनी घेतलं. जाताना मला म्हणाला, "ताई, एकदा जेवायला या कँटीनला."

काही दिवसांनी तो परत आला. ते बिल त्याच्या हातात होतं. "ताई, ही खालची ओळ काय आहे? आमच्या साहेबानं तिच्यावर बोट ठेवलं आणि सगळे हसले."

मी मराठीत सांगितलं. 'पेशंटच्या विनंतीवरून बदलले.'

त्याला लगेच समजलं नाही. समजलं तेव्हा तो बाकावर बसला. "म्हणजे मी हातापाया पडून लिहून घेतलं, असं?" मग म्हणाला, "आधी डबे आणायचे तेव्हा त्यांना कारण सांगता येत नव्हतं, ताई. आता मिळालं. आता सगळेच आणतात."

मी काकांसमोर ते बिल आपटलं. "हे का लिहिलंत?"

"खोटं आहे का?" त्यांनी शांतपणे विचारलं. "विनंती केली नव्हती त्याने? तुझ्यासमोर केली."

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. भाजी चांगली मिळाली की माणूस जसा दिसतो, तसे ते दिसत होते.

डॉक्टरांनी आपल्या लेटरहेडवर पत्र दिलं, कंपनीत स्वतः फोनही केला. तिथले साहेब नम्रपणे म्हणाले, "आमचा विश्वास आहे, डॉक्टर. पण आधी एक बिल, मग दुसरं, आता पत्र. कामगार त्याच्या हातचं खायला तयार नाहीत. आम्ही तरी काय करणार?" आचाऱ्याला रंगाचे ड्रम धुवायला लावलं. डॉक्टर काकांवर खूप ओरडले. काढलं मात्र नाही. तशी बिलं दुसरं कोण करणार होतं?

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. लॅबमध्ये कॉम्प्युटर आल्यावर ते टिटवाळ्याच्या घरी बसले आणि पुढल्याच उन्हाळ्यात गेले. मी घरी भेटायला गेले तेव्हा त्यांची बायको म्हणाली, "तुमच्या कोणाबद्दल कधी वाईट बोलले नाहीत हो." ते खरं असणार.

पण मला ते आठवतात ते त्याआधीच्या एका सकाळचे. आचारी आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आला होता, साखर तपासायला. त्याच्या नखांच्या कडा रंगाने जांभळ्या झाल्या होत्या, त्या आता धुऊन जाणाऱ्या नव्हत्या. काकांनी आईबरोबर त्याचंही नाव विचारलं, लिहून घेतलं, बिल दिलं. त्यांनी त्याला ओळखलं नाही. मी नीट बघत होते. ओळखून न ओळखल्यासारखं केलं असतं तर मला कळलं असतं. नाव, आडनाव, चेहरा, त्यांच्या काहीच लक्षात राहिलं नव्हतं.

रक्त दिल्यावर म्हातारीला जिन्यापाशी चक्कर आली. मुलगा खाली रिक्षा बघायला गेला होता. काका खुर्चीवरून उठले. त्यांना तसं उठताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी तिला धरून बसवलं, स्वतःच्या थर्मासमधला चहा बशीत ओतून तिच्या तोंडाशी धरला, आणि मग एकेक पायरी, "सावकाश, आई, सावकाश," म्हणत तिला खाली नेलं. मी तिची पिशवी घेऊन मागे होते.

रिक्षात बसताना म्हातारीने काकांच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले. "भलं होवो बाबा तुझं. तुझ्या लेकराबाळांचं भलं होवो."

काकांचे डोळे भरून आले. ते हात जोडून उभे राहिले.

"किती चांगला माणूस," म्हातारी मुलाला म्हणाली. त्याने माझ्याकडून पिशवी घेतली, तेव्हा तिने त्याला कोपराने ढोसलं. "अरे, पाया पड की त्यांच्या."

आचाऱ्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मग तो वाकला.