शिट्टीबाईंचा डावा हात

आता त्या जागी दुमजली वाहनतळ आहे. पण ज्या बायका तिथे पोहायला शिकल्या, त्यांना अजूनही तिथून जाताना क्लोरीनचा वास आल्यासारखा वाटतो. निळ्या फरशांचा तलाव, कपडे बदलायच्या खोलीतला गारठा, भिंतीवरचं नेहमी मागे पडणारं घड्याळ, आणि काठावर उभ्या असलेल्या शिट्टीबाई.

गळ्यात शिट्टी अडकवलेली असायची म्हणून हे नाव पडलं. वाजवायच्या मात्र क्वचितच. शिट्टीने दचकतील अशाच बायका त्यांच्याकडे यायच्या. दुपारचा वर्ग होता, संसाराला लागलेल्या, चाळिशी-पन्नाशी गाठलेल्या आणि पाणी बघून पाचावर धारण बसणाऱ्या बायकांचा. बाई स्वतः पाण्यात उतरायच्या, उजव्या हाताने कठडा धरायच्या आणि डावा तळवा शिकणारीच्या पाठीखाली ठेवायच्या. म्हणायच्या, "मी धरलंय. मान सोड. छताकडे बघ आणि घरी काय काय आवरायचं राहिलंय ते सांग." ती शिकणारी बोलत बोलत तरंगायला लागली की बाई हात हळूच काढून घ्यायच्या. बऱ्याच जणींना ते घरी गेल्यावर कळायचं.

तलावाच्या पोटात, तळघरात, पंपांची खोली होती. तिथला माणूस एकदा हातात मूठभर केसांच्या पिना घेऊन वर आला आणि म्हणाला, "तुमच्या विद्यार्थिनींचे दागिने माझ्या फिल्टरमध्ये सापडतात." बाई म्हणाल्या, "ठेवून घ्या, तुमच्या बायकोला होतील." "बायको नाहीये," तो म्हणाला. त्यानंतर पिना जरा जास्तच सापडायला लागल्या, आणि वर्षभरात दोघांचं लग्न झालं. त्या माणसाला सगळे पंपवाले म्हणत. दुपारचा चहा दोघं तळघरातच घेत. मोटरीच्या घरघरीत एकमेकांच्या कानाला लागून बोलावं लागे, आणि ते दोघांनाही आवडे.

गाठ लागली ती वर्गानंतर अंग धुताना. छातीत डाव्या बाजूला, हरभऱ्याएवढी. बाई ओल्या केसांनीच तळघरात उतरल्या.

"मला गाठ लागलीय."

"काय?"

"गाठ."

"कुठल्या दोरीला?" तलावातले पट्टे आखायच्या दोऱ्या पंपवालेच बांधत.

बाईंनी त्यांचा हात धरून गाठीवर ठेवला. पंपवाल्यांनी मोटर बंद केली. त्या खोलीत इतकी शांतता बाईंनी कधी ऐकली नव्हती.

तपासण्या झाल्या आणि कॅन्सर निघाला. मोठी बहीण धावत आली आणि डॉक्टरांसमोर बसल्या बसल्या म्हणाली, "सगळं काढून टाका. काही ठेवू नका."

डॉक्टर सावकाश बोलणारे होते. ते म्हणाले, "पूर्ण स्तन काढता येतो. किंवा गाठ तेवढी काढून नंतर काही आठवडे रेडिएशन देता येतं. आजवरच्या अभ्यासांत दोन्ही वाटांनी आयुष्य सारखंच दिसलंय. म्हणून मी ठरवणार नाही, ताईंनी ठरवायचं. तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं?"

आजवर असं कुणी विचारलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "छातीचं काय ते होऊ दे, गाठ तेवढी काढा. पण माझा डावा हात पहिल्यासारखा राहील का?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. काखेत लिंफच्या बारीक गाठी असतात. अंगातलं पाणी त्यांतून गाळून पुढे जातं. रोग पसरलाच तर आधी तिथे जातो, म्हणून त्या बहुतेक सगळ्या काढायची पद्धत होती.

"म्हणजे फिल्टर," पंपवाले म्हणाले. "फिल्टर काढले तर पाणी तुंबणार."

"काहींचं तुंबतं. हात सुजतो, जड होतो, वर जात नाही. सगळ्यांचं होत नाही, पण कुणाचं होईल ते आधी सांगता येत नाही." मग त्यांनी एका अभ्यासाबद्दल सांगितलं. पहिल्या दोन-तीन गाठी काढून थांबलं तरी चालतं का, हे तपासायचं होतं. भाग घेणाऱ्या बायकांपैकी निम्म्यांच्या थोड्याच काढायच्या, निम्म्यांच्या सगळ्या. कुणाला काय, ते कॉम्प्युटर ठरवणार. डॉक्टरांच्याही हातात नाही आणि पेशंटच्याही नाही.

बहीण उसळली. "माणसाचा जीव आहे की सोडत?"

घरी जाताना बसमध्ये बाई म्हणाल्या, "भाग नाही घेतला तर सगळ्या जाणारच आहेत. घेतला तर निदान निम्मी आशा. शर्यतीत लेनसुद्धा चिठ्ठीनेच मिळते. मिळेल त्या लेनमधून पोहायचं."

पंपवाले खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आणि रोग उरला तर? थोड्याच काढल्या आणि मागे काही उरलं तर?" त्यांनी तेवढीच एक भीती बोलून दाखवली. बाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दोघं उतरायचा थांबा चुकले.

बाई ऑपरेशनसाठी वॉर्डात दाखल झाल्या, तेव्हा सोडतीचा निकाल सांगायला अभ्यासाचं काम बघणारी सिस्टर आली. वयाने लहान होती, हसली की गालाला खळी पडायची. त्या दिवशी हसली नाही. "ताई, तुम्हाला सगळ्या काढायचा गट आलाय."

"बरं," बाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. सिस्टरचा त्यांना इतका राग आला की पुढे पंधरवडाभर त्या तिच्याशी धड बोलल्या नाहीत. तिचा काय दोष होता हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

ऑपरेशन नीट झालं, रेडिएशनही पार पडलं. रोग गेला आणि हाताने दगा दिला. पहिल्याच उन्हाळ्यात डावा हात सुजला. सूज दाबायला घट्ट बाही चढवावी लागायची. स्वयंपाकघराच्या भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम होता. जिथे हात अडायचा तिथे पंपवाले पेन्सिलने रेघ मारायचे. रेघा वर सरकल्या, पण एका उंचीवर येऊन घोडं अडलं ते अडलंच.

बाई पुन्हा पाण्यात उतरल्या तेव्हा सवयीने डावा तळवा पुढे गेला. एका शिंपीणबाईंच्या पाठीखाली तो टिकला नाही. त्या बुडाल्या, खोकत वर आल्या आणि हसत म्हणाल्या, "मला वाटलं आज हीच परीक्षा आहे." बाईही हसल्या. मग कपडे बदलायच्या खोलीत जाऊन नळ मोठा सोडून रडल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळा वर्ग समोरच्या काठाला हलवला. आता कठडा डाव्या हाताला आला आणि धरायला उजवा मोकळा झाला. उजवा हात अडाणी होता, त्याला पाठ कुठे तोलायची ते कळेना. पण तोही शिकला. पुढची कित्येक वर्षं बायका त्याच काठाने तरंगायला शिकल्या, आणि तलावाची तीच रीत आहे असं त्यांना वाटत राहिलं.

अभ्यासासाठी दरवर्षी दवाखान्यात जावं लागे. सिस्टर टेपने दोन्ही हात मोजायची आणि प्रश्न विचारायची. झोप लागते का, भीती वाटते का, वरच्या फळीवरचं सामान काढता येतं का. "ते काढायला घरात माणूस ठेवलाय," बाई म्हणायच्या. राग केव्हा विरला ते कळलंही नाही. सिस्टरचं लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी शाळेत जायला लागली. बाई सिस्टरला पंपाच्या खोलीच्या गमती सांगायच्या. बाकीच्या बायका त्या दिवसाच्या आधी आठवडाभर हाय खायच्या. बाईंनाही धाकधूक वाटायचीच, पण त्यात माहेरच्या माणसाला भेटायला जावं तसंही काही होतं.

एका वर्षी सिस्टरने टेप गुंडाळली आणि खुर्ची जवळ ओढली. "ताई, निकाल आला. दोन्ही गटांतल्या बायका सारख्याच जगल्या. तुमच्यासारख्यांना थोड्या गाठी काढल्या तरी पुरतं."

"म्हणजे माझ्या उगाच काढल्या."

"तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. तुमच्यामुळे कळलं."

"हे वाक्य तुम्हाला शिकवून ठेवलंय का?"

"हो," सिस्टर म्हणाली. "पण खरंही आहे."

ते किती खरं होतं ते बहिणीच्या मुलीला तोच आजार झाला तेव्हा दिसलं. भाचीच्या काखेतल्या दोनच गाठी काढल्या. महिन्याभरानंतर बाई आणि पंपवाले तिच्याकडे गेले, तर तिने दोन्ही हात उंच करून वरच्या फळीवरून कप काढले आणि ओट्यावर मांडले. काही विशेष केल्यासारखं नाही, सहज. बहीण उठली, बाईंच्या शेजारी येऊन बसली आणि त्यांचा सुजलेला हात मांडीवर घेऊन चोळत राहिली. सोडतीवरून उसळलेली हीच ती बहीण.

परतताना बाई म्हणाल्या, "मला पोरीचा हेवा वाटला. बरं वाटलं, पण हेवाही वाटला."

"वाटणारच," पंपवाले म्हणाले. "मलाही वाटला."

"तुम्हाला कसला?"

"तुझ्या वतीने."

पंपवाले गेले ते हृदयाच्या दुखण्याने, तलाव बंद झाला त्याच्या पुढच्या वर्षी. बाई म्हणायच्या, जिच्यासाठी आपण इतकी वर्षं घाबरलो ती मी राहिले, आणि ज्याच्यासाठी घाबरायचं सुचलंच नाही तो गेला.

अभ्यासाच्या शेवटच्या भेटीला त्या एकट्याच गेल्या. सिस्टरच्या केसांत आता पांढरे आले होते. शेवटचा प्रश्न होता, पुन्हा वेळ आली तर भाग घ्याल का?

"थोड्याच काढतील अशी खात्री देणार असाल तर घेईन."

"खात्री असती तर अभ्यास कशाला केला असता, ताई?"

"तेही खरंच." बाईंनी बाही सारखी केली. "लिहा, घेईन. पण खुशीने लिहू नका. घेईन एवढंच लिहा."

सिस्टरने तसंच लिहिलं. मग दोघी कॅन्टीनमध्ये चहाला गेल्या. पुढच्या वर्षी भेटायला कारण उरणार नाही हे दोघींनाही कळत होतं, त्यामुळे चहा संपल्यावरही कुणी उठेना. इतकी वर्षं बाईंच्या गोष्टी ऐकूनही सिस्टरला पोहता येत नव्हतं. त्यावर बाई म्हणाल्या, "रविवारी या. गावाच्या टोकाला नवा तलाव झालाय."

सिस्टर येते. पायऱ्यांवर बसते, पाय पाण्यात सोडते आणि त्याच्या पुढे तसूभरही सरकत नाही. बाई उजव्या हाताने संथ पोहून परत येतात, तिच्या शेजारी बसतात, आणि मग दोघी तलाव बंद व्हायच्या वेळेपर्यंत गप्पा मारत राहतात.