मामांच्या कवितांना मी पाडलेली भोकं

आमच्या घराण्यात कागदाचं काही काम निघालं की सगळे माझ्याकडे बघतात. रेशन कार्डावरचं चुकलेलं नाव असो, सातबारा असो, नाहीतर कुणाच्या मृत्यूचा दाखला. फोन मलाच येतो. मी एका सरकारी कचेरीत अव्वल कारकून आहे आणि इतक्या वर्षांच्या नोकरीत मला धड येणारं काम एकच, कागद लावणं. बायकोच्या मते तेही येत नाही. पण ती मला फक्त घरात बघते, कचेरीत नाही.

त्यामुळे मामांचे कागद माझ्याकडे आले यात नवल नव्हतं. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. लातूरच्या एका कॉलेजात मराठी शिकवायचे, कविता लिहायचे आणि जुन्या पोथ्यांचा अभ्यास करायचे. त्यांचे तीन कवितासंग्रह माझ्या कपाटात आहेत. तिन्हींच्या पहिल्या पानावर माझ्यासाठी त्यांची सही आहे आणि त्यापुढची पानं फारशी मळलेली नाहीत, एवढं सांगितलं की पुरे.

गेल्या वर्षी मामा गेले. मुलगी हैदराबादला असते. तिनं मामींना कायमचं तिकडं न्यायचं ठरवलं. मामी तयार होत्या, पण एका अटीवर.

"ह्यांचे कागद जागी लागल्याबिगर मी हितून हलणार न्हाई. आन् जागी म्हंजी तुज्या माळ्यावर न्हाई."

"माळ्यावर जागाच नाही मामी," माझी बायको घाईघाईनं म्हणाली.

चौकशी केल्यावर कळलं की नांदेडला एका संस्थेत लेखकांची हस्तलिखितं नीट जपून ठेवतात. तिथल्या मॅडमशी फोनवर बोललो. त्या म्हणाल्या, "जसे आहेत तसे घेऊन या." हे वाक्य मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. पाहुण्यांकडे जाताना आपण पोराचं तोंड पुसतोच की. कागद का तसेच न्यायचे?

दोन पत्र्याच्या ट्रंका होत्या. आत गठ्ठेच गठ्ठे, आणि प्रत्येक गठ्ठा मामींच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेला. सोडून बघितलं तर कचेरीतल्या माणसाला घाम फुटावा असा प्रकार. एका कवितेचा कच्चा खर्डा, त्याखाली पोथीवरचं टिपण, त्याखाली कुणाचं तरी पत्र, मग पुन्हा तीच कविता, दोन ओळी खोडून. कशावरही तारीख नाही. कडा डागाळलेल्या. एवढा शिकलेला माणूस आणि ही तऱ्हा, असं म्हणून मी मान हलवली.

मग मी चार रविवार आणि दोन किरकोळ रजा घालवल्या. कविता वेगळ्या केल्या, टिपणं वेगळी, पत्रं वेगळी आणि उरलेलं सगळं 'इतर'. प्रत्येक कागदाला वरच्या कोपऱ्यात लाल शाईनं क्रमांक घातला. डाव्या बाजूला मशीननं दोन-दोन भोकं पाडली, टॅग ओवले, पुठ्ठ्याच्या फायली बांधल्या. काही कवितांच्या ओळी अगदी कडेपासून सुरू व्हायच्या. तिथं पहिलं अक्षर गेलं. म्हटलं, एवढ्या मोठ्या कवितेत एक अक्षर म्हणजे काय! लुगड्याची फडकी स्कूटर पुसायला घेतली. डागाळलेल्या कडा कापून आणायच्या म्हणून झेरॉक्सवाल्याकडेही गेलो होतो, पण त्याचं कागद कापायचं मशीन बिघडलं होतं. त्या मशीनचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

सोमवारी जीप करून मामींना आणि अकरा फायलींना घेऊन नांदेडला पोचलो. मॅडम तिशी-पस्तिशीच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी पहिली फाईल उघडली आणि पानांच्या कडेवरून हळूच बोट फिरवत राहिल्या. मला वाटलं, भारावल्या.

"ही भोकं..." त्या म्हणाल्या.

"मीच पाडली," मी म्हणालो. आवाजात अभिमान होता, आता लपवून काय उपयोग.

"सर, मूळ गठ्ठे कसे होते?"

"लई विस्कळीत होते हो मॅडम. सगळं एकात एक. मी सगळं वेगळं केलं."

त्यांनी फाईल मिटली. मग शाळेतल्या पोराला समजावतात तसं मला समजावलं. मामा कविता लिहीत असताना कुठली पोथी वाचत होते, कुणाशी पत्रव्यवहार चालू होता, हे त्या गठ्ठ्यांवरून कळलं असतं. एका फडक्यात बांधलेलं ते एका काळातलं. तारखा नव्हत्याच, तो क्रम हीच तारीख होती.

"आता एकच करा," त्या म्हणाल्या. "जमेल तेवढं पूर्वीसारखं लावून आणा. असंच ठेवून घेतलं तर वाचणाऱ्याला काही उलगडणार नाही."

जीप परतीच्या वाटेला लागली. लोह्याजवळ मामी म्हणाल्या, "तू लहानपणी रेडिओ उघडला होतास. आठवतंय का?"

"आठवतंय मामी."

"त्यो बी न्हाई लागला परत."

मामींची मुलगी येत्या रविवारी त्यांना न्यायला येणार होती. मामींचं सामान बांधून झालं होतं, आणि मामा मात्र माझ्या कृपेनं 'इतर'मध्ये पडले होते. त्या रात्री मी जेवलो नाही. बायकोनं दोनदा विचारलं. एरवी ती एकदाच विचारते.

दुसऱ्या दिवशी मामींकडे गेलो तर त्यांनी सगळे टॅग सोडून कागद सतरंजीवर पसरले होते आणि चष्मा लावून कडा बघत होत्या. मजकूर नाही, फक्त कडा.

"हे बघ, ह्यो जांभळा," त्या म्हणाल्या. "ही माझी इरकल. पहिल्या धुण्यातच रंग सोडला हिनं. हदगावला ह्यांचं व्याख्यान होतं, तिथून आणली होती. मी म्हणलं, कविता करता येती, लुगडं घेता येत न्हाई."

तेव्हा मला उमगलं. एका पावसाळ्यात छत गळून ट्रंकेत पाणी शिरलं होतं. फडक्यांचा रंग सुटून आतल्या कागदांच्या कडांना लागला होता. मी ज्याला घाण समजून कापायला निघालो होतो, तो प्रत्येक गठ्ठ्याचा शिक्का होता.

"मी काय करू मामी?"

"तू हात लावू नको. चहा ठेव."

तीन दिवस मी चहा ठेवला. मामी कागद उचलायच्या, खिडकीच्या उजेडात धरायच्या आणि ढिगावर ठेवायच्या. मोरपंखी, ती घरभरणीची. विटकरी, ती भूकंप झाला त्या साली नेसायच्या. घराबाहेर झोपत होतो तेव्हाची. गुलबक्षी नणंदेनं दिलेली, म्हणजे माझ्या आईनं. त्यावर एक टोमणा झाला, तो मी इथं लिहीत नाही. एका ढिगाला रंगच नव्हता.

"हे माझं न्हाई. ह्यांचं धोतर असंल."

शे-दीडशे कागद कुठंच बसले नाहीत. ते मी वेगळे ठेवले आणि यावेळी भोक पाडलं नाही.

शुक्रवारी पुन्हा नांदेडला गेलो, यावेळी बसनं, ट्रंका टपावर टाकून. मॅडमनी मामींना समोर बसवलं आणि एकेका गठ्ठ्याबद्दल विचारत गेल्या. मामी सांगत होत्या, त्या लिहीत होत्या. त्यांच्या यादीत आता 'गठ्ठा तिसरा: जांभळी इरकल, हदगावच्या व्याख्यानानंतर' अशी नोंद आहे. खाली शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय, 'डावीकडील छिद्रे कुटुंबीयांनी पाडलेली.' मराठी साहित्यात माझी नोंद झाली ती अशी.

पोचपावतीवर मामींनी सही केली. मी निघायला उठलो. पाचची बस होती. मामी उठेनात.

"बाई, हितं बसून वाचता येतं का?" त्यांनी विचारलं.

"येतं की आजी. या वहीत नाव लिहायचं फक्त."

"मी तर घरची हाय."

"आता ते आमच्याकडं आहेत ना. घरच्यांनाही नाव लिहावं लागतं."

मामी हसल्या. नाव लिहिलं, हात धुऊन आल्या, पदराला नीट कोरडे केले. मॅडमनी एक गठ्ठा आणून टेबलावर ठेवला.

"घरी कधी वाचलं नाही का?" मी हळूच विचारलं.

"कवा वाचू? हे लिहायला बसले की चहा, उठले की जेवण. संग्रह निघाला की लोकांना वाटायचा. माझ्या वाटणीला फडकी."

मामी ओळीखाली बोट ठेवून वाचू लागल्या. ओठ हलत होते. मध्येच थांबून त्यांनी एक ओळ पुन्हा वाचली आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की मी उगाच खिडकीबाहेर बघायला लागलो.

"काय लिहिलंय मामी?"

"तुला काय करायचंय?"

"पाचची बस जाईल."

"जाऊ दे," पान उलटत मामी म्हणाल्या. "मागून दुसरी असंल."